खिळे वितळले, निरोप पोचला

भाईंदर स्टेशनकडून येणारी पहाटेची बस उत्तनला थांबली की आधी वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरतात, मग माणसं. तोवर किनाऱ्यावरच्या, बोंबील वाळवायच्या निम्म्या वलांड्या भरलेल्या असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बायकांचे हात क्षणभरही थांबत नाहीत. आज उतरलेला पेपर आठ दिवसांनी सुक्या बोंबलांभोवती गुंडाळला जातो. लहानपणी मी ते कागद उलगडून वाचायचो आणि त्यात उत्तनचं नाव शोधायचो. क्वचित सापडायचं. आजही धावगी डोंगरावरच्या कचऱ्याला आग लागली किंवा वादळात होड्या अडकल्या, की आमचं नाव छापून येतं. डोलीच्या जाळ्याला काय लागलं, भाव काय मिळाला, कोणाची होडी अजून परतली नाही, हे रोजचं उत्तन कुठेच येत नाही.

म्हणून प्रांताच्या दैनिकाबद्दल मला फार आस्था आहे. बेळगावला 1919 मध्ये ‘तरुण भारत’ निघाला, कोल्हापूरला 1939 मध्ये ‘पुढारी’ दैनिक झाला. अलिबागचा ‘कृषीवल’ तर 1937 मध्ये, चरीच्या शेतकऱ्यांचा संप चालू असतानाच नारायण नागू पाटलांनी काढला, कारण कुळांची बाजू मांडणारं कोणी हवं होतं. पण असं वर्तमानपत्र नेमकं कशासाठी असतं, हे मला खरं उमगलं ते हिरोशिमाच्या ‘चुगोकू शिंबुन’मुळे.

तिथवर मी पोचलो तो एका मराठी मासिकाच्या वाटेनं. आमच्या घरी ‘निरोप्या’ यायचा. 1903 मध्ये फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी हे मासिक सुरू केलं. 1907 मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धानं जर्मन मिशनऱ्यांना हिंदुस्थान बंद झाला आणि पुढे डोरिंग यांची नेमणूक थेट जपानच्या हिरोशिमा प्रांतात झाली. 1927 मध्ये ते पुण्याला परतले. मराठी घरांत निरोप्या धाडणारा हा माणूस हिरोशिमात असताना तिथल्या लोकांना निरोप कोण देत होतं, या कुतूहलानं मी शोध घेतला.

‘चुगोकू शिंबुन’ 5 मे 1892 रोजी सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव नुसतं ‘चुगोकू’ होतं. शिंबुन म्हणजे वर्तमानपत्र, आणि चुगोकू हा जपानच्या मुख्य बेटाचा पश्चिमेकडचा भाग. टोकियो-ओसाकाची मोठी दैनिकं तिथेही येतात, पण गावची बातमी हवी तर माणसं प्रांताचं दैनिक उघडतात. त्या काळच्या छपाईची मेहनतही समजून घ्यावी अशी आहे. देवनागरीच्या जोडाक्षरांनी आपल्या कंपॉझिटरांना घाम फोडला, तर जपानी कंपॉझिटरपुढे चित्रलिपीतल्या अक्षरांचे हजारो वेगवेगळे खिळे मांडलेले असत. एकेक हातानं उचलून उभ्या ओळी जुळवायच्या, आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या.

6 ऑगस्ट 1945 रोजी सकाळी सव्वाआठला अणुबॉम्ब पडला आणि हे सगळं संपलं. कचेरी स्फोटाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या आत होती. रोटरी यंत्रं जळाली, खिळे गेले. वर्तमानपत्राची 114 माणसं मेली. नोकरवर्गापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा.

छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे वाचले होते. कॅमेरा घेऊन ते मियुकी पुलापाशी पोचले, तेव्हा समोर भाजलेली शाळकरी मुलं बसली होती. बटण दाबायला त्यांचा हात कितीतरी वेळ धजेना. दिवसभर त्या शहरात फिरून त्यांनी फक्त पाच छायाचित्रं घेतली. त्या दिवशी जमिनीवरून हिरोशिमाची जी मोजकी छायाचित्रं निघाली, त्यांत ही पाच आहेत. जे काढायला त्यांचा हात धजला नाही, त्याचं मोल मला काढलेल्या पाचांइतकंच वाटतं.

कागद नाही, यंत्र नाही. मग वाचलेल्या बातमीदारांची टोळी रस्त्यावर उतरली. जपानीत तिला ‘कुदेनताई’ म्हणतात, तोंडी सांगणाऱ्यांचं पथक. ढिगाऱ्यांतून फिरत ते ओरडून सांगत होते: मदतकेंद्र कुठे आहे, जखमींना कुठे नेलंय, खायला कुठे मिळेल. वर्तमानपत्रातलं जे जे नसलं तरी चालतं ते सगळं गळून पडलं होतं, आणि उरला होता तो निरोप.

9 ऑगस्टला ‘चुगोकू शिंबुन’ पुन्हा छापील निघालं, ‘असाही’ आणि ‘माइनिची’ यांच्यासारख्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या शहरांत छापून दिलेलं. एक रोटरी यंत्र थोडंच आधी शहराबाहेर नुकुशिना गावात हलवलेलं होतं. 3 सप्टेंबरपासून त्यावर स्वतःचा अंक निघू लागला. दोन आठवड्यांत मोठं वादळ आलं आणि तिथल्या छपाईतही पाणी शिरलं. नोव्हेंबरमध्ये ही माणसं आपल्या जळक्या इमारतीत परतली आणि तिथून छापू लागली. ते दैनिक आजही निघतं.

त्या तोंडी सांगणाऱ्या पथकाबद्दल वाचताना मला आमच्या चर्चमधली रविवारची सकाळ आठवते. मिस्सा संपली तरी कोणी लगेच उठत नाही, कारण फादर सूचना वाचतात. ठरलेल्या लग्नांची नावं, आजारी माणसांची नावं, कुठली सभा कधी. मागच्या बाकांवरचे म्हातारेसुद्धा कान टवकारतात.

म्हणूनच उत्तन, चौक, पाली, डोंगरी, गोराई या पट्ट्याला रोजचं एक पान हवं आहे. मोठ्या दैनिकानं दिलं तर उत्तम, नाही तर आमच्यातल्या शिकलेल्या पोरांनी काढावं. त्यात वरच्या कोपऱ्यात भरती-ओहोटीच्या वेळा असाव्यात, त्याखाली वारा आणि बोंबलाचा भाव, आणि समुद्रावर गेलेल्या होड्यांपैकी कुठल्या अजून परतल्या नाहीत त्यांची नावं.