वर्गातले गोणपाट अजून उचललेले नाही

शिक्षक होणाऱ्यांना डी.एड., बी.एड.च्या अभ्यासक्रमात ‘वर्ग व्यवस्थापन’ नावाचा एक घटक शिकवतात. आसनव्यवस्था, शिस्त, फलकलेखन, प्रश्न विचारण्याचे तंत्र असा त्याचा पसारा असतो. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’, ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ ही सूत्रे तर कोणताही शिक्षक झोपेतसुद्धा म्हणून दाखवील. पण या देशात वर्गाचे व्यवस्थापन पिढ्यान्‌पिढ्या ज्या सूत्राने चालले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेले नाही. कोण कुठे बसणार, कोण पाण्याला हात लावणार, फळ्याजवळ कोण जाणार, हे जात ठरवत होती.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वर्गाच्या कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसत. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. तपासनीस आला असता तर त्याने शेरा काय मारला असता? वर्ग शांत, शिस्त उत्तम, व्यवस्था चोख!

म्हणून ‘वर्ग शांत आहे’ या वाक्यावर आपण भाळू नये. तो कोणाला गप्प बसवून शांत झाला, हे आधी विचारावे.

आज हे लिहिण्याचे कारण बारवी धरणाचा परिसर. औद्योगिक विकास महामंडळाचे हे धरण १९७० च्या दशकात झाले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली. उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर इथल्या लाखो लोकांचे नळ आणि पट्ट्यातले कारखाने या पाण्यावर चालतात. त्या पाण्याखाली तोंडली, मोहघर, काचकोली अशा मुरबाड तालुक्यातील गावपाड्यांची जमीन गेली. मोबदला, घर, नोकरी यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि काहींच्या पदरात काही पडलेही. त्या सगळ्या वाटाघाटींत मुलाची शाळा हा विषय मात्र कायम शेवटच्या ओळीत राहिला. गाव उठते तेव्हा शाळेची इमारत दुसरीकडे बांधता येते, पण मुलाला ओळखणारी बाई, पाड्यावरून शाळेपर्यंतची पायवाट आणि वाटेतली सोबत मोबदल्याच्या यादीत येत नाही.

या परिसरात ठाकूर आहेत, कातकरी आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक; बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांची बोली प्रमाण मराठीपासून दूर आहे. सहा वर्षांचे मूल पहिलीत येते, बाई छापील मराठीत बोलतात आणि मूल गप्प बसते. बाई नोंदवतात : ‘प्रतिसाद देत नाही.’ प्रतिसाद कोणत्या भाषेत द्यायचा होता त्याने? तथागतांनी आपली शिकवण पंडितांच्या छंदस भाषेत बसवायला नकार दिला आणि लोकांनी आपापल्या बोलीत ती शिकावी असे सांगितले, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम २९ हेच सांगते : शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तितके मुलाच्या मातृभाषेत असावे. पहिलीच्या बाईंनी कातकरी बोलीतले शे-दोनशे शब्द शिकून घेतले तर वर्षभराची तासिका वाचते. याला ना अनुदान लागते, ना परिपत्रक.

आता ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ बघू. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हजार विटांमागे मजुरी ठरलेली असते. हंगामाआधी उचल घेतलेली असते, दर आठवड्याला खर्ची मिळते आणि शेवटी मालक वहीत बघून सांगतो : ‘अजून तुझ्याकडेच निघतात.’ आई-बापांना वही वाचता येत नाही. त्यांचे दहा वर्षांचे पोर विटांचे थर रचते, दहाच्या ओळी आणि शंभराचे थर न चुकता मोजते. तेच पोर शाळेत आले की गणितात ‘अप्रगत’! पाठ्यपुस्तकातल्या सफरचंदांच्या जागी विटा घ्या, नफा-तोट्याच्या जागी उचल आणि खर्ची घ्या; मग बघा त्याला भागाकार येतो की नाही. वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६ पासून पुस्तकात आहे. वकील म्हणून सांगतो, असे प्रकरण उभे राहते ते हिशेबावर. ज्या घरात हिशेब वाचणारे एक मूल आहे, त्या घराला फसवणे अवघड जाते. चौथीच्या गणिताच्या तासाला एवढी ताकद आहे.

महात्मा फुल्यांनी हे १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडले होते. प्राथमिक शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गांतून तयार करावेत, ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा जाणतील. नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातात धरायला लाजणारा शिक्षक नको, असे त्यांचे म्हणणे होते. अध्यापन पद्धतीवर पुढे कित्येक ग्रंथ निघाले. त्यांचा गाभा या निवेदनात आधीच आहे.

ठाणे जिल्ह्याला तर हे बाहेरून शिकायचीही गरज नव्हती. जुन्या ठाणे, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांकडे नेली. मुले बालवाडीत येत नाहीत तर वस्तीच्या अंगणात बालवाडी भरवायची, ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे राखायला जातात तर कुरणातच शाळा घ्यायची, ती कुरणशाळा. या दोघी आपल्या चळवळीतल्या नव्हत्या. पण मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेचा दिवस आखायचा, हे त्यांनी करून दाखवले, ते आपण निःसंकोच उचलावे. आज अंगणवाडी हा शब्द देशभर आहे. कुरणशाळा मात्र विस्मरणात गेली. तिच्या मागची रीत वीटभट्टीला जशीच्या तशी लागू पडते.

बाबासाहेब ज्या साताऱ्यात गोणपाटावर बसले, त्याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी अलीकडे वेगळे चित्र दाखवले. तिथे वर्गात फरशीवर अक्षरे-आकडे रंगवले आणि सगळी मुले जमिनीवर गटागटाने बसून खडे, काड्या, चित्रे हाताळत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द गावोगाव पोहोचला. काही ठिकाणी फक्त फरशी रंगली, हेही खरे. मूल जमिनीवर बसवले म्हणून समता येत नाही. गटात कातकऱ्याच्या मुलाच्या हातात वस्तू पोहोचते की तो नुसता बघत राहतो, यावर सगळे ठरते.

आता कायद्याचे बोलू. भीतीविना शिकणे ही शिक्षकाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही. कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलाला शाळेत भेदभाव सहन करावा लागू नये, ही जबाबदारी कलम ८ आणि ९ ने शासन व स्थानिक प्राधिकरणावर टाकली. ‘तुम्हा लोकांना शिकून काय करायचंय?’ हे वाक्यसुद्धा मानसिक छळात मोडते. आणि मुलाने सांगितलेले ऐकणे हाही वर्ग व्यवस्थापनाचाच भाग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात एका शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती मिळताच पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. किती शाळांच्या शिक्षक बैठकीत ही दोन कलमे वाचली गेली?

दुसरीकडे ‘नापास’ परत आले आहे. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. जे मूल अर्धे वर्ष भट्टीवर होते, त्याची परीक्षा नेमकी कशाची? १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांचा रोख मुलांवर नव्हता, व्यवस्थेवर होता.

भिक्खू चुल्लपंथकाची कथा आपल्या विहारांत नेहमी सांगितली जाते. चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही म्हणून थोरल्या भावाने त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी त्याला पाठांतर दिले नाही, एक स्वच्छ कापड दिले आणि हाताने चोळत राहायला सांगितले. कापड मळत गेले, आणि अनित्यता त्याला कळली. कथा ऐकून आपण ‘साधू, साधू’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी आपल्यातलाच एखादा शिक्षक वर्गात थोरल्या भावासारखा वागतो.

हे कडू आहे, पण बोलले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळांत आज आपल्या समाजाचे शिक्षक बऱ्याच संख्येने आहेत. घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, चौदा एप्रिलला भाषण आहे. आणि वर्गात कातकऱ्याचे पोर शेवटच्या रांगेत, दाराजवळ. ‘ते येतच नाहीत हो’, ‘त्यांचे आई-बाप दारू पितात’, ‘त्यांना गोडी नाही’... ही वाक्ये आपल्या आजोबांविषयी बोलली जात होती. शब्दही बदललेले नाहीत! मनुवादी व्यवस्थेला शिव्या घालणे सोपे असते. आपल्या वर्गाच्या आसनव्यवस्थेचा कागद काढून त्यावर नावे लिहिणे आणि शेवटच्या रांगेत कोणाची नावे आली ते बघणे अवघड असते.

शाखांच्या कार्यकर्त्यांसाठी काम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याप्रमाणे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बारवीकाठच्या किती समित्यांत पाड्यावरची आई आहे, ते विचारा. तिच्या सहीपुरता अंगठा घेतला जातो की बैठकीला बोलावले जाते, हेही विचारा. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ असते. ते दाखवले की भट्टीजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. दिवाळीच्या सुटीआधी प्रत्येक शाळेत जाऊन कार्डे लिहून घ्या. भट्ट्या पेटल्या की बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या बाजूने एक फेरी मारा आणि विटा रचणाऱ्या मुलांकडे ती कार्डे आहेत का, ते बघा.