सागरी मत्स्यटाकीतील स्पंजाची निगा

सोलापुरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी ठेवायची म्हणजे समुद्राचे पाणी घरीच तयार करावे लागते. अशा टाकीत मासे तगतात, पण स्पंज लवकर मरतो, असा अनुभव येतो.

स्पंज ही वनस्पती नसून प्राणी आहे. त्यास तोंड नाही की पोट नाही. अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून तो पाणी ओढतो, त्यातील जिवाणू व सेंद्रिय कण गाळून घेतो आणि मोठ्या छिद्रातून पाणी बाहेर टाकतो. म्हणून स्पंज क्षणभरही पाण्याबाहेर काढू नये. विहिरीवरील पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. स्पंजाच्या नलिकांत हवा अडकली तर तेवढा भाग उपाशी राहून सडतो. विकत घेताना तो पाण्याखालीच पिशवीत भरून घ्यावा. घरी त्या पिशवीत टाकीतील पाणी तासभर थोडे थोडे मिसळावे व नंतर पिशवी टाकीत बुडवून स्पंज आतच सोडावा. हवेच्या पंपाचे बुडबुडेही त्यावर येऊ देऊ नयेत.

गोड्या पाण्यातही स्पंज असतात. मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांचा अभ्यास डॉ. एच. जे. कार्टर यांनी १८४० च्या दशकातच केला होता. तळे आटले तरी हे स्पंज बियांसारख्या टणक गोळ्यांच्या रूपाने तग धरतात. टाकीतल्या सागरी स्पंजास सहसा ही सोय नसते.

कूपनलिकेचे जड पाणी वापरू नये. आर.ओ. यंत्राच्या पाण्यात सागरी मत्स्यटाकीसाठी मिळणारे क्षारमिश्रण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. हवा कोरडी असल्याने पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. मात्र ते झपाट्याने आटते. क्षार मागेच राहतात, म्हणून तूट आर.ओ.च्या गोड्या पाण्याने रोज भरावी.

बहुतेक स्पंज सावलीत ठेवावेत. उजेडात शेवाळ चढून छिद्रे बुजतात. माशांच्या रोगावर मोरचुदासारखे तांबेयुक्त औषध त्या टाकीत मुळीच घालू नये. सागरी एंजल मासे स्पंज कुरतडतात, तेही सोबत नकोत.

स्पंजावर पांढुरकी साय किंवा करडा डाग दिसताच तो भाग पाण्याखालीच धारदार पात्याने कापून काढावा व काही पाणी बदलावे. सडका स्पंज तसाच राहिल्यास लहान टाकीतील मासेही दगावतात.