गोळ्या-खेळण्यांची यंत्रे : माणदेशच्या फेरीसाठी कोणती घ्यावीत?

माणदेशात फिरतीचा धंदा मुसलमान घरांना नवा नाही. अत्तार, मणेर, तांबोळी, बागवान ही आडनावेच मुळी धंद्याची. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला, पौषात खरसुंडीला जनावरांचा बाजार बसला, चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरली की बांगड्या, फण्या, सुरमा, खेळणी, गोडीशेव घेऊन ही मंडळी पाल ठोकायला जात, आजही जातात. पण दिवसभर उन्हात पालाखाली बसायला घरातला तरुण मुलगा आता तयार नसतो. त्याच्या डोक्यात दुसरी कल्पना असते : नाणे टाकले, मूठ फिरवली की गोळी किंवा खेळण्याची डबी बाहेर पडते, ती यंत्रे. दहिवडीच्या बेकरीत एक, गोंदवल्याच्या खानावळीत एक, म्हसवडच्या किराणा दुकानात एक, आटपाडीच्या केशकर्तनालयात एक. आठवड्यातून एकदा मोटारसायकलवर फेरी मारायची, माल भरायचा, पैसे काढायचे.

कल्पना वाईट नाही. पण घरातली बिशी, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे किंवा विकलेल्या दोन शेळ्या त्यात जाणार असतील, तर यंत्र कोणते घ्यायचे हे जाहिरातीतला रंगीत फोटो पाहून ठरवता येत नाही.

यंत्राची रचना साधी असते. वर पारदर्शक गोळा किंवा चौकोनी पेटी, तिच्या तळाशी कप्पे असलेली चक्री, पुढे नाण्याचा खटका आणि मूठ, खाली झडप आणि गल्ला. वीज लागत नाही. योग्य नाणे खाचेत बसले की मूठ मोकळी होते, मूठ फिरली की चक्री फिरते आणि एका कप्प्यातला माल आपल्याच वजनाने खाली पडतो. अमेरिकेत 1888 साली थॉमस ॲडम्सने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंग गमची यंत्रे बसवली, तिथून हा धंदा रुळला. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरचे वजनाचे यंत्र, ज्यातून भविष्य छापलेले तिकीट पडायचे, ते याचेच भाऊबंद. (स्वयंचलित यंत्रांचे वेड आपल्या वाडवडिलांनाही होते. बगदादच्या बनू मूसा बंधूंनी नवव्या शतकात आणि अल-जझरीने 1206 साली अशा युक्तींवर ग्रंथ लिहिले. अल-जझरीच्या यंत्रांत वुजूसाठी पाणी ओतणारेही एक आहे.)

धंदा बुडवणारा भाग एकच : नाण्याचा खटका. बाहेरून आलेली बरीच यंत्रे अमेरिकेच्या पाव डॉलरच्या मापाची असतात. ते नाणे साधारण 24 मिलिमीटरचे; आपले एकही नाणे त्यात नीट बसत नाही. विकणारा म्हणतो, ‘खटका बदलून देतो, रुपयाचा बसवू का पाचचा?’ इथे आपल्याच नाण्यांची मापे माहीत हवीत. एक रुपयाचे नाणे आधी 25 मिलिमीटर होते, 2011 च्या मालिकेत 22 झाले, 2019 च्या मालिकेत 20. म्हणजे गल्ल्यातला रुपया तीन मापांचा. दोन रुपयांचे 2011 चे नाणे 25 चे आणि 2019 चे 23 चे. पाच रुपयांचा जुना ठोकळा आणि त्यानंतरची पिवळी नाणी 23 ची, पण 2019 चे पाच रुपये 25 चे. आता हिशेब पाहा : 23 मापाचा पाच रुपयांचा खटका बसवला, तर नवे दोन रुपयेही त्यात जातात. 25 चा बसवला, तर जुना रुपया जातो. पोरांना ही गंमत कळायला एक दिवस पुरतो, आणि एकाला कळली की सगळ्या शाळेला कळते.

दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे मात्र पहिल्यापासून 27 मिलिमीटरच राहिले. म्हणून खटका दहाचाच घ्यावा. त्यालाही एक चोरवाट आहे : 2005 नंतर निघालेले दोन रुपयांचे मोठे स्टीलचे नाणे जवळजवळ तेवढ्याच व्यासाचे आहे. ते पातळ आणि जवळपास दोन ग्रॅमने हलके असते. चांगला खटका जाडीही मोजतो आणि ते खाली टाकून देतो, स्वस्तातला गिळतो. यंत्र पाहायला जाताना खिशात अशी चार नाणी असू द्यावीत.

दुसरी अडचण माणसांची आहे. दहाचे नाणे चालत नाही, असा समज खेड्यापाड्यांत अजून आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितले की दहाच्या नाण्याचे 14 प्रकारचे नमुने चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. तरीही दुकानदार मान हलवतो. माझ्या मते यावर टोकन हाच उपाय. दुकानदाराने नोट किंवा मोबाइलवरून दहा रुपये घ्यायचे आणि मुलाच्या हातात टोकन द्यायचे. खटका टोकनच्याच मापाचा, म्हणजे नाण्यांची सगळी भानगड मिटते. शिवाय टोकन देणारा माणूस समोर असतो. पालावर बसलेला अत्तारचाचा फणीचा दात तुटका निघाला तर बदलून देत होता. पोर रडले तर वर एक गोळी द्यायचा. त्याच्या शब्दावर पुढच्या यात्रेला गिऱ्हाईक परत यायचे. यंत्राला तोंड नसते. पैसे घेऊन ते गप्प बसले, तर मुलाच्या दृष्टीने ते चोर, आणि त्यावर ज्याचे नाव तोही चोर. म्हणून प्रत्येक यंत्रावर आपले नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि दुकानदाराकडे शंभर रुपये सुटे ठेवावेत : अडकले, तर विचारपूस न करता परत द्यायचे.

विकत घेण्याआधी यंत्राची परीक्षा घ्यावी, आणि ती आपल्या मालाने घ्यावी. पेटी पूर्ण भरून शंभर वेळा मूठ फिरवावी. हळू, जोरात, अर्ध्यात थांबून, उलटी. प्रत्येक वेळी एक आणि एकच नग पडला पाहिजे. मग पेटी रिकामी होत आली की शेवटचे वीस नग पाहावेत. डब्या एकमेकींना टेकून चक्रीवर पूल बांधतात आणि वर माल दिसत असूनही खाली काही येत नाही, हा या यंत्रांचा नेहमीचा आजार. चक्रीवर माल ढवळणारा दांडा किंवा ब्रश असेल तर तो कमी होतो. शंभरात एकदा अडकणारे यंत्र दुकानात चांगले वाटते, पण रोज पाच-सहा विक्रीच्या जागी ते पंधरा-वीस दिवसांत बंद पडणार आणि आपण तिथून तीस किलोमीटरवर असणार.

अंगाने यंत्र धातूचे असावे, निदान खटका आणि दात्यांची चक्रे तरी. गोळा पॉलिकार्बोनेटचा बरा. ॲक्रिलिकला पडल्यावर तडा जातो. झडपेची कड बोटाने चाचपून पाहावी, तिथे लहान मुलांची बोटे जाणार आहेत. स्टँड जड हवा. आणि दहा यंत्रे घ्यायची असतील तर दहाही एकाच जातीची घ्यावीत, कारण मग एक जादा खटका पिशवीत ठेवता येतो. बिघडला की पाच मिनिटांत बदलायचा आणि जुना घरी आणून सवडीने साफ करायचा. पाच कारखान्यांची पाच सुंदर यंत्रे घेतली, तर पाच प्रकारच्या किल्ल्या आणि स्प्रिंगा घेऊन फिरावे लागते. जुनी यंत्रे स्वस्त मिळतात, ती घ्यायला हरकत नाही. मात्र किल्ली नसलेले आणि आतून गंजलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

माणचा उन्हाळा यंत्र बनवणाऱ्याने पाहिलेला नसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात गमच्या गोळ्या एकमेकींना चिकटतात, चॉकलेटचे तर नावच नको, शेंगदाणे-फुटाणे खवट होतात, आणि मुंग्या वाट काढतातच. उन्हाळ्यात डब्यांतली खेळणी किंवा उसळणारे रबरी चेंडू ठेवावेत. गोळ्या ठेवायच्याच तर कागदात गुंडाळलेली गोळी डबीत घालून ठेवावी. स्वच्छतेलाही तेच बरे. खाण्याची वस्तू विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी.

आत काय भरायचे हा आपल्या घरांसाठी निम्मा प्रश्न आहे. मऊ, लवचीक गोळ्यांत जिलेटिन असू शकते आणि ते कोणत्या जनावराचे हे आपल्याला कळत नाही. लाल रंगासाठी कधी कधी किड्यापासून बनवलेले कार्माइन वापरतात. घटकांच्या यादीत ते 120 या क्रमांकाने असते. पाकिटावर हिरवे चिन्ह असलेलाच माल घ्यावा, म्हणजे प्राण्यांच्या जिलेटिनची शंका उरत नाही. चिन्ह नसलेला सुटा माल कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. खेळण्यांचेही तसेच. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर माल घेताना ते पाहून, बिल घेऊनच घ्यावा. तीन वर्षांखालच्या मुलाला चेंडू देऊ नये, तो घशात अडकतो, हे यंत्रावर मराठीत लिहावे.

आणि नशिबाचा खेळ. पेटीत समोर एक घड्याळ किंवा मोबाइल टांगायचा आणि बाकी शंभर डब्यांत दोन रुपयांची अंगठी भरायची, हा प्रकार खूप चालतो. पंजाने खेळणे उचलायचे यंत्र त्याहून पुढचे : पैसे गेले आणि हात रिकामा. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत दारूबरोबर जुगार निषिद्ध ठरवला आहे, आणि पैगंबरांनी (स.) फसव्या, अनिश्चित सौद्याला मनाई केली आहे. दहा रुपये देऊन काय मिळणार हे मुलाला आधी माहीत नसेल, तर हा सौदा त्याच कुंपणाजवळ जातो. एका पेटीत एकाच प्रकारची, एकाच किमतीची वस्तू ठेवावी, म्हणजे काचेतून दिसते तेच हातात पडते. धंद्यालाही हे चांगले; हट्टाने चार टोकने उडवून रडणाऱ्या मुलाची आई परत त्या दुकानात येत नाही.

आता आकडे. हे फक्त उदाहरण आहे, आपापले भाव घालून पुन्हा मांडावे. समजा यंत्र 6,000 रुपयांचे, अशी दहा. वस्तू दहाची, खरेदी चारची, दुकानदाराला दोन. हातात राहिले चार. रोज प्रत्येकी पाच विक्री धरली तर आठवड्याला 350 नग, म्हणजे 1,400 रुपये. फेरीचे पेट्रोल 300. उरले 1,100, साठ हजार सुटायला सुमारे 55 आठवडे. हीच यंत्रे अडकून रोजची विक्री चारवर आली तर उरतात 820, आणि मुद्दल सुटायला 73 आठवडे लागतात. मधल्या दिवशी दुरुस्तीसाठी जादा फेरी झाली तर आणखी. स्वस्त यंत्रात वाचलेले पैसे असे पेट्रोलमध्ये जातात. या धंद्यात तर व्याजाचे कर्ज मुळीच परवडत नाही. त्यामुळे दोन यंत्रे रोखीने घ्यावीत, तीन महिने घराजवळच्या दुकानांत चालवावीत; एक शाळेच्या वाटेवर, एक दवाखाना किंवा खानावळीजवळ, जिथे मुलांना घेऊन आयांना थांबावे लागते. वही ठेवावी : किती नग भरले, किती टोकने निघाली, किती वेळा अडकले. नग आणि टोकने जुळली नाहीत तर खटका किंवा दुकानदार, दोघांपैकी एकाशी बोलणे भाग आहे.

ही वही जकातीलाही उपयोगी पडते. साधारणपणे यंत्र हे धंद्याचे हत्यार मानतात, त्यावर जकात नाही. पेटीतला माल, घरातला साठा आणि गल्ल्यातले पैसे निसाबाच्या हिशेबात येतात. आपल्या मौलाना साहेबांना एकदा विचारून घ्यावे. ईदच्या आधल्या आठवड्यात पेट्या काठोकाठ भरून ठेवाव्यात. ईदी हातात पडली की पोरे दुपारच्या आत रिकाम्या करतात, आणि त्या दिवशी फेरी मारायला कोणालाच जाववत नाही.