तेंगानानच्या मागावर

गेरिंगसिंग. नाव उच्चारायला जरा अवघड, पण अर्थ अगदी सोपा. बालीच्या भाषेत ‘गेरिंग’ म्हणजे आजारपण आणि ‘सिंग’ म्हणजे नाही. आजारपण लांब ठेवणारं कापड! लाल, काळपट निळा आणि सायीसारखा पांढरा, असे तीनच रंग. जावळ, लग्न, दातांना कानस लावायचा तिथला संस्कार, अशा प्रत्येक शुभकार्यात घरातलं हे कापड बाहेर निघतं. आपल्याकडे आजीचा शालू निघतो ना, तसंच.

बाली म्हटलं की आपल्या सहलवाल्यांना समुद्र, देवळं आणि माकडांचं जंगल एवढंच आठवतं. पूर्वेच्या करंगासम जिल्ह्यातलं तेंगानान हे डोंगरांच्या कुशीतलं गाव त्यांच्या यादीत क्वचितच असतं. आमची सहल संपल्यावर मी आणि माझी लेक चार दिवस मागे राहिलो, ते या गावासाठी. लेक वस्त्रकलेचा अभ्यास करते. मी आपली तिची सोबत म्हणून, पण मागावर मीच जास्त बसले बरं का!

गावात रुंद, दगडी फरसबंदीचा रस्ता, त्यावर निवांत फिरणाऱ्या म्हशी आणि दोन्ही बाजूंना घरं. त्यातल्याच एका ओसरीवर आमची ‘इबू’ बसायची. इबू म्हणजे आई, पण तिथे कोणत्याही मोठ्या बाईला आदराने इबूच म्हणतात. तीही मला इबूच म्हणायची. साठीच्या आसपासची, बोलणं मोजकं. शेजारच्या एका मुलाला इंग्रजी येत होतं, तो आमचा दुभाषी. पण खरं सांगते, दोन दिवसांनी त्याचं काम उरलं नाही. बोटांनी दाखवलं, मान हलवली, झालं!

या कापडाचं वैशिष्ट्य असं, की नक्षी मागावर तयारच होत नाही. ती आधीच धाग्यावर रंगवलेली असते. पैठणीत मोर विणायचा तर रंगीत धागा तिथल्या तिथे घालता येतो. इथे तसं नाही. धागा चौकटीवर ताणायचा, जिथे रंग नको तिथे पानाच्या बारीक पट्टीने करकचून बांधायचा, रंगात बुडवायचा, काही गाठी सोडायच्या, पुन्हा बुडवायचा. आणि हे फक्त उभ्या धाग्याचं, म्हणजे ताण्याचं नाही, आडव्या बाण्याचंही! विणताना ताण्यावरचा लाल ठिपका आणि बाण्यावरचा लाल ठिपका बरोबर एकमेकांवर यायला हवा. असं दुहेरी काम जगात मोजक्याच ठिकाणी होतं. जपानमध्ये होतं, भारतात होतं, आणि इंडोनेशियात तेंगानानला.

भारतातलं म्हणजे पाटणचं पटोळं. ते रेशमी, हे सुती. पटोळी पूर्वी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून इंडोनेशियाच्या बेटांवर जायची आणि तिथे त्यांना फार मान होता. गंमत म्हणजे पाटणचे साळवी विणकर बाराव्या शतकात राजा कुमारपालाने आपल्या जालन्याहून नेले, असं परंपरेने सांगतात. हे मी इबूला सांगितलं. तिने हातातलं काम न थांबवता विचारलं, “मग तुमच्याकडे आता कोण विणतं?” काय उत्तर देणार?

धाग्याची तयारी ऐकून तर मी थक्कच झाले. रंग नीट बसावा म्हणून सूत जंगली अक्रोडाच्या तेलात आणि राखेच्या पाण्यात ४२ दिवस ठेवतात. कधी कधी त्याहूनही कितीतरी जास्त. निळा रंग पूर्वापार गावात करतच नाहीत, सूत त्यासाठी शेजारच्या बुगबुग गावी जातं. लाल मात्र घरचा. तो एका झाडाच्या मुळांच्या सालीपासून निघतो, आणि ते झाड आपल्या ओळखीच्या आलाच्या, म्हणजे बारतोंडीच्या कुळातलं! आपल्याकडेही पूर्वी आलाचा लाल रंग कापडाला देत. बाजारी रंग आल्यावर तो गेला. इथे हा लाल एका बुडवणीत येत नाही. बुडवा, वाळवा, ठेवून द्या, पुन्हा बुडवा. एक कापड पुरं व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

पहिले दोन दिवस इबूने मला फक्त गाठी बांधायला बसवलं. गाठ इतकी घट्ट हवी, की रंग आत शिरताच कामा नये. माझी प्रत्येक गाठ ती नखाने चाचपून बघायची. संध्याकाळी माझी बोटं अशी हुळहुळायची की वेणी घालवत नसे. तिसऱ्या दिवशी मागावर बसवलं. माग कसला, चार लाकडं! एक टोक ओसरीवरच्या चौकटीला अडकवलेलं, दुसरं आपल्या कमरेला. पाठीमागे लाकडी आधार. पाय समोर पसरून बसायचं. मागे रेललं की धागे ताणले जातात, पुढे झुकलं की सैल होतात. म्हणजे मागाचा अर्धा भाग आपण स्वतःच! बाणा घालायचा, लाकडी पट्टीने ठोकायचा आणि मग थांबायचं. टोकदार काडीने एकेक धागा किंचित सरकवून ठिपक्यावर ठिपका आणायचा. तासाभरात दोन बोटं कापड झालं तर इबू खूश.

त्याच दिवशी ओसरीवर पर्यटकांचा एक घोळका आला. एका बाईंनी छोटा पट्टा हातात घेतला, किंमत ऐकली. आपल्या रुपयांत पाच आकडी होती. “साधं सुती तर आहे,” म्हणत त्यांनी अर्ध्या किमतीला मागितला. इबूने तीच किंमत पुन्हा सांगितली आणि पट्ट्याची घडी घालायला घेतली. चेहऱ्यावर राग नाही, गयावया नाही. २०२० मध्ये परदेशी पर्यटक यायचे बंद झाले, तेव्हा कित्येक महिने तिचं एकही कापड गेलं नव्हतं. तेव्हाही भाव पाडला नाही. सूत जास्त दिवस तेलात राहिलं, चांगलंच मुरलं, असं म्हणाली आणि हसली.

मला हे फार भारी वाटलं. पण नुसतं कौतुक करून भागत नाही. इबूला थांबणं परवडलं, कारण तेंगानानकडे गावाच्या मालकीची भातशेती आहे. ती बाहेरची माणसं वाट्याने कसतात आणि तांदूळ गावात येतो. आपल्या बचत गटातल्या बाईच्या पाठीशी असं काय आहे? तिला शनिवारी हप्ता भरायचा असतो. गिऱ्हाईक पन्नास रुपये कमी देतो म्हणाला, तर ती गोधडी त्याच्या हातात ठेवते. तिने निर्धाराने ‘नाही’ म्हणावं, असं भाषण मी तरी तिला देणार नाही.

आणि तरीही इबूकडे एक गोष्ट होती, जी आमच्या गटात नव्हती. कोणतं सूत कधी तेलात घातलं, कधी बाहेर काढलं, किती वेळा रंगवलं, हे सगळं तिच्या तोंडावर होतं. किंमत सांगताना ती तेच मोजत होती. आमच्याकडे कापडाचे तुकडे आणि रीळ एवढ्याचाच हिशेब व्हायचा. टाके घालायचा वेळ? तो काय, दुपारी फावला वेळ म्हणून धरायचा!

परत आल्यावर मी गटात एक वही ठेवली. गोधडीला बसलं की वेळ लिहायची, उठलं की लिहायची. लिहिता न येणाऱ्या काकू रेघा मारायच्या, अर्ध्या तासाची एक. पहिल्या गोधडीचे ४७ तास भरले. ती विकली होती ९०० रुपयांना, त्यातही कापड-दोऱ्याचा खर्च वेगळाच. आकडा वाचून दाखवला तेव्हा सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, “ताई, हे आमच्या घरच्यांना नका सांगू, म्हणतील बंदच करा.” दुसरीने लगेच हात वर केला, “माझ्या घरच्यांना मात्र सांगाच!”

भाव वाढवायचा का, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. अजून एकमत नाही. गणपतीच्या प्रदर्शनात दोन गोधड्या नव्या भावाने ठेवून बघायच्या, एवढंच ठरलंय. वही मात्र चालू आहे.