रेवस बंदरी सीमांतपूजन

भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच रेवसला लागली तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते, माघ शुद्ध तृतीयेची ओहोटी तळाला गेलेली होती, आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली असणाऱ्या धक्क्याच्या हिरव्या, बुळबुळीत पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. लाँचच्या कठड्याशी आमच्या 84 वर्षांच्या आत्याबाई नऊवारीचा ओचा सावरीत उभ्या होत्या व त्या पायऱ्या बोटांवर मोजीत होत्या. चौदा भरल्या. माझ्या पुतणीच्या लग्नाची जी छापील कार्यक्रमपत्रिका व्यवस्थापकांनी घरोघर पाठविली होती, तीत या प्रसंगाविषयी ‘आगमन व स्वागतपेय’ एवढाच मजकूर होता. पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. दोघा खलाशांनी दोन्ही बाजूंनी आधार देऊन आत्याबाईंना वर घेतले. वर पोहोचताच स्वागतपेयाचा पेला बाजूला सारून त्यांनी विचारले, “सीमांतपूजन कुठे करणार ते आधी सांगा. गावची शीव तर मी आत्ताच ओलांडली.”

त्यांच्या या प्रश्नात प्रस्तुत लेखाचा सारा विषय आलेला आहे. ज्याला आपण आज ‘डेस्टिनेशन वेडिंग’ म्हणतो तो प्रकार सर्वस्वी नवा आहे असे समजण्याची चाल पडली आहे. परंतु ज्या समाजाने वरपक्षाची गावच्या शिवेवर पूजा करण्याचा स्वतंत्र विधी ठरवून ठेवला आणि वऱ्हाडाच्या मुक्कामाला जानवसा हा स्वतंत्र शब्द दिला, त्या समाजाला लग्नाकरिता प्रवास करणे मुळीच अपूर्व नव्हते. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी एक पक्ष परगावी जाई, आता दोन्ही पक्ष परगावी जातात आणि यजमान म्हणून हॉटेलचा व्यवस्थापक तेवढा उरतो.

या फरकाचा भार सर्वांत अधिक पडतो तो वडीलधाऱ्यांवर. पूर्वीच्या कार्यात कोठीची किल्ली एका काकूंच्या कमरेला असे, आहेराची यादी एखाद्या काकांच्या दफ्तरात असे, मुहूर्ताच्या घटिकेवर एका वृद्धाची नजर असे आणि रुसलेल्या विहिणीची समजूत काढण्याचा मक्ता कोणा एका आजीकडे पिढीजात चालत आलेला असे. या प्रत्येक कामाला वय हीच लायकी होती. आता कोठी आचाऱ्याच्या कंत्राटात गेली, आहेराच्या जागी ‘आहेर आणू नये’ ही ओळ आली, आणि कालपर्यंतच्या कारभाऱ्यांच्या वाट्याला पांढऱ्या कापडात गुंडाळलेली खुर्ची तेवढी राहिली. मग घरच्यांना चिंता पडते की, तीन दिवस यांचा वेळ कसा जावा? माझ्या मते प्रश्न येथेच चुकतो. वडीलधाऱ्यांसाठी आधी बसायला जागा, मग करायला काम आणि त्यानंतर पाहायला स्थळ, या क्रमाने तजवीज केली तर वेळ घालविण्याची विवंचना यजमानाला उरत नाही.

तुळशीचे लग्न झाले की त्यापाठोपाठ रेवस, मांडवा, किहीम, आवास या पट्ट्यातील वाड्या व हॉटेले लग्नांनी गजबजू लागतात. म्हणून प्रथम वाटेचा विचार. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणारी लाँच ही जुनी वाट. गेटवेहून मांडव्याला सुमारे तासाभरात येणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंद असतात. मार्च 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली असून तीत मोटारीसह चढता येत असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला ती विशेष सोयीची. आणि 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरून, पुढे पेण, वडखळ, पोयनाडमार्गे येणारा रस्ता सोडून, ज्यांना वाटेत वरचेवर थांबावे लागते त्यांना अन्य वाट सुचवू नये. कारण मोटार हवी तेथे थांबते, बोट थांबत नाही. एस.टी.वर ज्यांचा जीव आहे त्यांचाही अवमान करू नये. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्याच्या एस.टी.त तिकीट पडत नाही, आणि फुकट प्रवासाचे ते ओळखपत्र वाहकापुढे धरताना आमच्या एका चुलत्यांची मुद्रा जशी उजळते तशी ती वातानुकूलित मोटारीत उजळलेली मी पाहिलेली नाही.

या पाण्याची एक आठवणही वयोवृद्धांबरोबर प्रवास करीत असते. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक उतारू मृत्यू पावले. ज्यांच्या बालपणी घराघरांत ही वार्ता पोहोचली, अशी माणसे लाँचमध्ये मध्येच गप्प होतात. त्या वेळी त्यांच्यापुढे खाद्यपदार्थांची पुडी किंवा फोनचा कॅमेरा धरू नये, बोलले तर ऐकावे.

आता कामाचा विचार. आमचे मामा, ज्यांना सारे गोत अण्णा म्हणते, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले; कोणताही कागद हाती आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत तपासल्याखेरीज त्यांना अन्न गोड लागत नाही. कार्यक्रमपत्रिकेत पंचमीच्या दिवशी ‘सायंकाळी 4 वाजता : कुलाबा किल्ला (पायी)’ असे छापलेले पाहताच त्यांनी पिशवीतून पंचांग काढले. कोकणच्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब असा आहे की, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अजमासाने निघते. पंचमीचे पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे ज्या घटकेला पन्नास पाहुण्यांना वाळूतून चालत किल्ल्यात न्यावयाचे ठरले होते, त्याच घटकेला किल्ल्याभोवती पूर्ण भरतीचे पाणी उभे राहणार होते. भरतीत होडीने जाता येते हे खरे. परंतु पाण्यात उतरून हलत्या होडीत पाय टाकणे सत्तरीच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हे. अण्णांनी भरतीच्या वेळेतून सहा तास मागे मोजले आणि शिसपेन्सिलीने शेरा मारला : ‘सबब सकाळी दहा.’ अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती मोठी व ओहोटीही खोल, अष्टमीच्या सुमारास भांगाची दोन्ही बेताची, हा भेदही त्यांनी व्यवस्थापक म्हणून आलेल्या तरुणास समजावून सांगितला. त्याच्या फोनमध्येही ही कोष्टके असणारच. तथापि त्याने समंजसपणे फोन खिशात ठेवून त्या तीन दिवसांपुरता भरती-ओहोटीचा कारभार अण्णांकडे सोपविला. त्यानंतर कोणीही समुद्राकडे निघाला की आधी अण्णांची परवानगी घेऊ लागला.

कुलाबा किल्ला हे वडीलधाऱ्यांना दाखविण्यासारखे स्थळ आहेच. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याच्या बांधकामास हात घातला, कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले, आणि आत रघुजी आंग्र्यांच्या काळातील गणेशपंचायतन आजही नित्य पूजेत आहे. ओहोटीला घोडागाडी दरवाजापर्यंत जाते. सोबत फक्त एक घडीची खुर्ची घ्यावी, कारण देवदर्शन झाल्यावर म्हातारी माणसे तत्काळ परतण्याच्या मनःस्थितीत नसतात.

याउलट कनकेश्वराचा आग्रह धरू नये. डोंगरावरचे ते देवस्थान रम्य आहे, परंतु वाटेत सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि भाविक माणूस ‘हळूहळू जाईन’ असे म्हणूनच त्या चढावयास लागतो. त्यांना पायथ्याला नेऊन नमस्कार करवावा. शिखराच्या दर्शनाने यात्रा पुरी होते हे आपल्याकडे मान्य आहे.

रेवसला अगदी जवळचे आणि वृद्धांच्या प्रकृतीला सर्वस्वी मानवणारे स्थळ म्हणजे सासवणे येथील करमरकर शिल्पालय. विनायक पांडुरंग करमरकर (1891–1967) हे याच गावचे. देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांच्या साहाय्याने तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, पुढे पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील 1928 चा अश्वारूढ पुतळा त्याच हातांनी घडविला. राहत्या घरातच मांडलेल्या या संग्रहात चालणे थोडे, सावली पुष्कळ. आत्याबाई आवारातील सिमेंटच्या म्हशीपाशी थांबल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवीत, तिच्या बसण्याची ढब न्याहाळीत त्यांनी निकाल दिला, “गाभण आहे.” मग तिघी विहिणींमध्ये घरच्या म्हशींची, त्यांच्या नावांची आणि सवयींची जी चर्चा सुरू झाली ती अर्धा तास चालली. दोन घराण्यांची ओळख पटविण्यासाठी आदल्या रात्री योजलेल्या संगीत खुर्चीच्या खेळाने जे साधले नव्हते, ते या म्हशीने साधले.

ज्यांना वाचनाचा व इतिहासाचा छंद आहे त्यांच्यासाठी अक्षीचा शिलालेख आहे. शके 934, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जाणारा हा लेख मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांत गणला जातो. निवृत्त शिक्षकाला तेथे नेऊन सोडावे आणि त्याला बोलू द्यावे. विज्ञानाची आवड असणाऱ्यांना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची कथा सांगावी : मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मापनात बिघाड होईल असे दिसताच 1904 मध्ये ते काम येथे हलविण्यात आले. आत जावयाचे असल्यास परवानगीची विचारपूस आधी करावी. आणि ज्यांना चालवत नाही पण डोळे शाबूत आहेत, त्यांना किहीमच्या एखाद्या वाडीत पहाटे खुर्ची टाकून द्यावी. सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचा आपला प्रसिद्ध अभ्यास 1930 च्या सुमारास याच गावी केला.

दिवसाला एकच स्थळ, तेही नाश्त्यानंतर निघून साडेबाराच्या आत परत, हा नियम मोडू नये. दुपारची झोप हा कार्यक्रमाचा भाग समजून पत्रिकेत छापावा. शेकोटीची हौस असेल तर रायगडची पोपटी लावावी : मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी भरून ते उपडे ठेवतात व भोवती जाळ करतात. शाकाहारी मडके निराळे लावले की कोणाचाही सोवळेपणा दुखावत नाही, मीठ बेताचे राहते, आणि मुख्य म्हणजे शेंगा सोलताना हात गुंतून तोंड मोकळे राहते. निरोपाच्या पिशवीत अत्तराच्या कुप्यांऐवजी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणी घालावी. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ही भेट घरी गेल्यावर कपाटात पडून राहत नाही.

मुक्कामाचा तपशील थोडक्यात सांगतो. खोली तळमजल्याची, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री वाटेवर दिवा, आणि मांडवात वाळूवर फळ्यांची पायवाट. काठीचे टोक वाळूत रुतते हे आखणी करणाऱ्या तरुणांच्या ध्यानी येत नाही. जिल्हा रुग्णालय अलिबागेत, म्हणजे रेवसपासून सुमारे 25 किलोमीटरवर असल्याने एक मोटार रात्रंदिवस केवळ वडीलधाऱ्यांच्या दिमतीला असावी व औषधांची यादी चालकाजवळही असावी. उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री 10 नंतर लावू नये हा सन 2000 च्या नियमांचा दंडक आहे. त्याची आठवण वडिलांनी करून दिल्यास ती कुरकुर ठरते, म्हणून यजमानाने स्वतःच बंदोबस्त करावा.

या किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाजाने वृद्ध स्त्रीचे लग्नातील स्थान अद्याप राखलेले आहे. तेथे धवलारीण बसल्याखेरीज आणि तिने धवले गायल्याखेरीज कार्य पुढे सरकत नाही. ते पाहून आम्हीही हळदीच्या सकाळी नाचाचे शिक्षक अर्धा तास थांबविले, जाते मांडले आणि आत्याबाईंना ओव्या म्हणावयास बसविले. पहिल्या दोन ओव्यांना आवाज फुटेना, तिसरीला वरपक्षाच्या एका आजींनी खालून सूर धरला, आणि मग नवरी मुलगी स्वतः खुंटा धरून समोर बसली. सीमांतपूजन रेवसच्या धक्क्यावर झाले. जागा कोणी निवडली, हे सांगावयास नको.

षष्ठीला परतावयाचे होते. लाँच सकाळी दहाची ठरलेली. अण्णांनी ‘सहा पाऊणे साडेचार’ असा हिशेब करून वडीलधाऱ्यांची तुकडी दुपारी तीनच्या लाँचवर वर्ग केली. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा खाडी तुडुंब होत आली होती. आत्याबाई कडेला उभ्या राहिल्या, आणि पायऱ्या पुन्हा बोटांवर मोजून कोणाचाही हात न धरता लाँचमध्ये उतरल्या.

“पाचच,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या नऊ अण्णांनी बुडविल्या.”