नळाच्या दिवशी दहाची मीटिंग

पहाटे ५.३०

आज नळाचा दिवस. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, पण रोज येत नाही. आलं की पिंप, माठ, गुंड, सगळं भरून घ्यायचं. आई मोटार लावते, मी पाइप धरते. माझ्या टीमच्या सामाईक कॅलेंडरवर आज नोंद आहे : 'अकोला, नळ'. ती मीच टाकली. नऊ जणांची टीम आहे, सात पुण्याच्या ऑफिसात, एक मुलगी अमरावतीला, मी इथे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी आले आणि इथूनच काम करत राहिले. पहिली दोन वर्षं ऑफिसात माझी दखल घेणारं कुणीच नव्हतं. आता टीम माझ्या हाती आहे, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ न देणं माझं काम.

सकाळी ९.३०

मीटिंगआधी अमरावतीच्या मुलीला, राजापेठेत, फोन. ती बडनेऱ्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली, नोकरीला चार महिने झाले, ऑफिस अजून पाहिलेलं नाही.

"ताई, रात्री काही ठरलं काय? फाइलींची नावं बदललेली दिसून राहिली."

ठरलेलं काही नव्हतं, एकाने आवराआवर केली होती. पण असल्या शंका पुण्यातला नवा मुलगा शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो. तिच्या शेजारी खुर्ची नाही, म्हणून ही दहा मिनिटं. ती मी कधीच रद्द करत नाही, ताप असला तरी.

सकाळी १०.००

आमचा नियम : एक जरी माणूस बाहेरगावी असला, तरी सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवर यायचं. आधी पुण्याचे सातही जण एका टेबलाभोवती बसत, मधोमध एक माइक. आम्हा दोघींना कुणाचं तरी कोपर आणि छताचा पंखा दिसायचा. तिकडे हशा पिकायचा, आम्ही कारण न कळता हसायचो. ते हसणं फार एकटं करतं.

बोलायला सुरुवात अमरावतीपासून. शेवटी पाळी आली की माणूस "माझं वेगळं काही नाही" म्हणून मोकळा होतो.

तिच्या पहिल्या महिन्यात ती म्हणाली होती, "मी तपासून राहिली." कुणीतरी हसलं. वाईट हेतू नसेल, पण त्यानंतर दोन आठवडे तिचा कॅमेरा बंद आणि आवाजही बंद. मला माझी पुण्यातली आठ वर्षं आठवली. तिथे मी माझी जीभ इस्त्री करून घेतली होती. पुढच्या मीटिंगमध्ये मी मुद्दाम म्हणाले, "थांबा, मी पाहून राहिली." एकाने भुवया उंचावल्या. मी सांगितलं, आमच्या घरी असंच बोलतात, आणि आम्ही दोघी इथेही असंच बोलणार. आता ती कॅमेऱ्यासमोर बसून बोलते.

दुपारी १२.३०

पुण्यात दोघांनी चहाच्या टपरीवर एका कामाची तारीख पुढे ढकलली. मला तिसऱ्याकडून कळलं. फोन केला : चहावर ठरलं ते लिहा, आणि का ठरलं तेही लिहा. लिहिलेलं नसेल तर आमच्यात ते ठरलेलंच नाही. पंधरा मिनिटांत त्याने चार ओळी टाकल्या, त्यातून तारीख का बदलली ते आम्हा सगळ्यांना समजलं.

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. सगळे घरी बसल्यावर लोक आपापल्या गटातच जास्त बोलू लागले, एका गटाला दुसऱ्याशी जोडणारे धागे विरले. ते वाचल्यापासून टपरीवरच्या गप्पांना मी किरकोळ समजत नाही.

दुपारी २.४०

मे महिना. कूलरसमोरही घाम. अमरावतीहून दोन शब्द : "लाइन गेली." कुणी खुलासा मागितला नाही. उन्हाळ्यात दोन ते चार मोठी मीटिंग ठेवायची नाही, हे लेखी आहे.

दुपारी ४.००

वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म. तिच्या फॉर्मवर पुण्याच्या एका वरिष्ठांनी लिहिलंय : "कमी दिसते."

मी तिथेच थांबले. २०१० च्या सुमारास शांघायच्या सीट्रिप कंपनीने एक प्रयोग केला होता. कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांनी घरून काम करायचं, विषम तारखेच्यांनी ऑफिसातून. नऊ महिन्यांत घरच्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढ्याच कामावर बढती मिळण्याची शक्यता त्यांची कमी झाली. काम जास्त आणि बढती कमी! हा आकडा मला टोचत राहतो, कारण मी त्यातून गेले आहे.

दीड तास बसून मी तिने सोडवलेल्या चुका, लिहिलेली टिपणं, रात्री साडेदहाला ग्राहकाला दिलेलं उत्तर, सगळं तारखेनिशी काढलं. मग वरिष्ठांना फोन केला. "कमी दिसते, की आपण कमी पाहतो?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, पाठवा. वाक्य बदलतील की नाही, ते उद्या कळेल. नाही बदललं तर पुन्हा फोन करीन.

संध्याकाळी ६.३०

उद्या महिन्यातली माझी अमरावतीची फेरी. मूर्तिजापूर मागे टाकलं की तासाभरात पोचते. दिवसभर शेजारी बसून काम, संध्याकाळी गिला वडा. ऑनलाइन खेळ वगैरे आम्ही करून पाहिले, त्याने काही झालं नाही. शेजारी बसल्याने होतं.

किती वाजता निघू, विचारायला फोन केला. तिने उचलला तो घाईतच.

"ताई, मंग बोलू काय? पुण्याचा तो नवा पोरगा अडकला. त्याले समजावून राहिली."