बेट निवडताना ‘पूर्ण दिवसा’चा भाव पाहा

दिवाळी सरली की आमच्या इंदिरानगर शाखेत एक प्रश्न हमखास येतो. खातेदार मुदत ठेवीची पावती काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, ‘ही आज मोडली तर हातात किती येतील? मुलांना एकदा बेट दाखवायचे आहे. चार रात्रींचे पॅकेज स्वस्तात मिळते आहे, आज रात्री बाराला ऑफर संपते.’

कुटुंबाने एकत्र फिरायला जाणे ही उधळपट्टी नव्हे. पण ज्या पॅकेजसाठी ठेव मोडायची, ते खरोखर स्वस्त आहे का, हे तपासायला बारा वाजेपर्यंतचा वेळ पुरत नाही. कोणते बेट निवडावे हा आवडीचा प्रश्न आहे. त्याला पैशाची बाजूही आहे, आणि ती जाहिरातीत दिसत नाही. या लेखात ती पाहू.

आधी तीन प्रश्न

उदाहरणासाठी एक कुटुंब घेऊ. नवरा-बायको, दहा आणि सहा वर्षांची दोन मुले आणि सत्तरीची, गुडघे दुखणारी आजी. सुट्टी चार रात्री, पाच दिवसांची. अशा घराने दर विचारण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

१. कोण कोण जाणार? दोन वर्षांवरील मुलाला विमानात स्वतंत्र आसन लागते आणि भाडे जवळपास मोठ्यांइतकेच पडते. म्हणजे इथे पाच तिकिटे. ‘माणशी फक्त इतके’ या आकड्याला आधी पाचाने गुणा.

२. कोणत्या महिन्यात? अंदमान आणि लक्षद्वीपला मे महिन्याच्या मध्यापर्यंत जाता येते, पुढे पावसाळा आणि खवळलेला समुद्र. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तिथे उलट: एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे, नोव्हेंबर ते मार्च पावसाचे. जून-जुलैत अंदमानचे पॅकेज स्वस्त दिसते, त्याचे कारण हेच.

३. आजीला झेपेल का? बोटीत चढ-उतार किती वेळा, ती धक्क्यावरून की भर समुद्रात, हे विचारा. पाचांतल्या एकाला खोलीत बसून राहावे लागले, तर एका माणसाचा खर्च वाया गेला.

पूर्ण दिवसाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. ‘चार रात्री, पाच दिवस’ म्हणजे बेटावर पाच दिवस नव्हेत. इंदिरानगरहून देवनहळ्ळीच्या विमानतळासाठी पहाटेच्या विमानाला मध्यरात्री निघावे लागते. पुढे विमान, मग बोट. ज्या दिवशी सकाळी तुम्ही बेटावर जागे होता आणि रात्री तिथेच झोपता, तो एक पूर्ण दिवस. अर्धा दिवस हाती लागला तर अर्धा धरा. प्रवासात गेलेला दिवस शून्य.

घरातून निघून घरी परतेपर्यंतचा एकूण खर्च काढा आणि त्याला अशा दिवसांनी भागा. एक नमुना पाहा. आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत.

पर्याय अ: पॅकेज ९५,००० रुपये. वेगळे द्यावे लागणारे बोट, कर, व्हिसा, टॅक्सी, जेवण ४५,०००. एकूण १,४०,०००. हाती लागणारे दिवस २. दिवसाचा भाव ७०,००० रुपये.

पर्याय ब: पॅकेज १,१०,००० रुपये. वेगळा खर्च १०,०००. एकूण १,२०,०००. हाती लागणारे दिवस अडीच. दिवसाचा भाव ४८,००० रुपये.

जाहिरातीत ‘अ’ १५,००० रुपयांनी स्वस्त होता. हिशेबात तो दिवसाला २२,००० रुपयांनी महाग निघाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

कोणते बेट काय मागते

अंदमान: बेंगळुरूहून थेट विमानाने अडीच ते तीन तास. पासपोर्ट नको, परकीय चलन नको, नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवानाही नको. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आणि हॅवलॉकचे २०१८ मध्ये स्वराज द्वीप. बुकिंग करताना दोन्ही नावे दिसतील, गोंधळू नका. मराठी घराला इथे आणखी एक ओढ असते. सावरकर १९११ ते १९२१ या काळात ज्या सेल्युलर जेलमध्ये होते, ते शहरातच आहे. मुलांना राधानगरचा किनारा आणि आजीला ती कोठडी, दोघांचेही समाधान होते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. घड्याळ आपलेच असले तरी ही बेटे फार पूर्वेला आहेत. पहाटे पाचला उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारते. उशिरा उठणाऱ्यांचा दिवस तिथे फुकट जातो. दुसरे, शेवटची रात्र श्री विजयपुरममध्येच ठेवा. हवा बिघडून स्वराज द्वीपची बोट रद्द झाली, तर परतीची पाच तिकिटे बुडतात. चार रात्रींत तीन बेटे करण्याचा हट्टही नको. प्रत्येक जादा बेट म्हणजे अर्धा दिवस बोटीत.

लक्षद्वीप: आपल्याच देशातले, तरी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो आधी काढावा लागतो आणि राहण्याची सोय मोजकीच आहे. विमान अगत्तीला उतरते. कोचीहून जहाजाने चौदा ते वीस तास लागतात. अनेक बेटांशी जहाज किनाऱ्याला लागत नाही, भर समुद्रात छोट्या बोटीत उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी हा मुद्दा निर्णायक ठरतो. पाणी आणि प्रवाळ अप्रतिम आहे, पण परवाना हातात येईपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नका.

मालदीव: विमानाने सुमारे दोन तास, भारतीयांना विमानतळावर व्हिसा विनामूल्य. म्हणून स्वस्त वाटते. खरा खर्च माले विमानतळानंतर सुरू होतो. रिसॉर्टपर्यंत स्पीडबोट किंवा सीप्लेन घ्यावे लागते आणि ते भाडे बहुधा वेगळे असते. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. विमान संध्याकाळी पोचले तर एक रात्र मालेत काढावी लागते, म्हणजे एक दिवस कमी. दरापुढे अधिकची दोन चिन्हे (++) असतील, तर त्याचा अर्थ कर आणि सेवा आकार वेगळा. २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर हरित कर आहे. पाच माणसे, चार रात्री म्हणजे २४० डॉलर, २० हजारांहून अधिक रुपये. स्थानिक वस्तीच्या बेटांवरील छोट्या अतिथिगृहांत हा खर्च बराच कमी होतो.

बाली: विमानातच सहा-सात तास आणि घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपिया व्हिसा शुल्क आणि २०२४ पासून दीड लाख रुपिया पर्यटन कर. पाच जणांचे मिळून साधारण १७ हजार रुपये. आठ दिवस असतील तर हा खर्च पांगतो. चार रात्रींसाठी मात्र तो जड जातो.

जवळचे पर्याय: विमानाचे तिकीट न काढताही बेट पाहता येते. बेंगळुरूहून रात्रीच्या बसने किंवा रेल्वेने उडुपी, तिथून मलपे बंदर आणि बोटीने सेंट मेरी बेटे. नारळाची झाडे आणि लाव्हा थंड होऊन बनलेले षटकोनी खांब मुलांना भूगोलाचा धडा शिकवतात. बेटावर मुक्काम नाही, तो मलपे-उडुपीत करायचा. उन्हाळ्यात कोकणात गावी जाणारे असाल, तर मालवणचा सिंधुदुर्गही बेटावरच उभा आहे. दोन्हीकडे पावसाळ्यात बोटी बंद असतात.

पैसे कुठून आणावेत

पहिला नियम: आजारपण किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगासाठी ठेवलेला किमान सहा महिन्यांचा घरखर्च सहलीला लावू नका. मुदत ठेव मुदतीआधी मोडली, तर व्याजदर कमी धरला जातो आणि बहुतेक बँका त्यावर दंडही लावतात.

त्याऐवजी आवर्ती ठेव उघडा, आणि एकाऐवजी दोन उघडा. कारण सहलीचे पैसे दोनदा लागतात: विमानाच्या तिकिटांना तीन-चार महिने आधी, बाकीच्या खर्चाला निघताना. समजा एप्रिलमध्ये अंदमानला जायचे आहे आणि खर्च १,२०,००० रुपये आहे. जूनमध्ये दरमहा ८,००० रुपयांच्या दोन आवर्ती ठेवी सुरू करा. सहा महिन्यांची ठेव डिसेंबरात पिकते, मुद्दल ४८,०००. त्यातून तिकिटे. नऊ महिन्यांची मार्चमध्ये पिकते, मुद्दल ७२,०००. त्यातून हॉटेल, बोट, जेवण. साडेसहा टक्के दर धरला तर दोन्हींचे मिळून सुमारे २,८०० रुपये व्याज मिळते. दरमहा १६,००० जड वाटत असतील, तर सहल पुढच्या वर्षी ठेवा किंवा मलपे निवडा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे बेटालाही लागू आहे.

हेच १,२०,००० रुपये १४ टक्के दराने एका वर्षासाठी वैयक्तिक कर्जाने घेतले, तर हप्ता सुमारे १०,७७५ रुपये आणि एकूण व्याज जवळपास ९,३०० रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळे. व्याज मिळवणे आणि व्याज भरणे यांतला फरक १२ हजारांचा झाला. क्रेडिट कार्डाची थकबाकी त्याहून महाग. महिना साडेतीन टक्के दराने १,२०,००० वर एका महिन्याचे व्याज ४,२०० रुपये, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी.

नोकरदारांनी आणखी एक पाहावे. प्रवास भत्त्यावरील करसवलत फक्त भारतातील प्रवासभाड्याला, तीही जुन्या करप्रणालीत मिळते. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही. परदेशी बेटाला ही सवलत नाहीच.

परदेशी जाणार असाल तर

परदेशी सहलीचे पॅकेज घेताना विक्रेता तुमच्याकडून टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केलेला कर, घेतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या पॅकेजवर त्याचा दर ५ टक्के होता. दोन लाखांच्या पॅकेजवर १०,००० रुपये. दर अर्थसंकल्पात बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. हा कर विवरणपत्रात वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात, म्हणून ते सहलीच्या अंदाजपत्रकात धरा.

अनेक कार्डांवर परकीय चलनातील खर्चाला दोन ते साडेतीन टक्के जादा आकार लागतो. दुकानदाराने ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात?’ असे विचारले, तर स्थानिक चलन सांगा. रुपयांत घेतल्यास तिथला दर सहसा तोट्याचा असतो. कार्डाचा परदेशातील वापर आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करा आणि परतल्यावर बंद करा. श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयची सोय सुरू झाली आहे. देशातल्या बेटांवर मात्र यूपीआय असूनही मोबाइलचे नेटवर्क दगा देते. थोडी रोख जवळ ठेवा.

पैसे भरण्यापूर्वी

- एकूण खर्च आणि हाती लागणारे दिवस, दोन्ही कागदावर लिहा आणि भागाकार करा.
- बोट, कर, व्हिसा, जेवण आत की बाहेर, हे लेखी मागा.
- रद्द केल्यास किती परत मिळेल आणि किती दिवसांत, हे वाचा.
- हॉटेलचा फोन नंबर जाहिरातीतून न घेता स्वतः शोधा आणि बुकिंग नक्की करा.
- कुणाच्या व्यक्तिगत खात्यात किंवा अनोळखी यूपीआय क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवू नका. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

हा कागद तयार झाला की तो घेऊन शाखेत या. पावती घरीच राहू द्या. बहुतेक वेळा हिशेब झाल्यावर ती मोडण्याची गरज उरत नाही. सहल चार महिने पुढे जाते, बेट कदाचित बदलते, आणि आजीसकट सगळे जाऊन येतात.